सव्वातीन किलोची पॉमेरियन आणि ऑपरेशनची भूल: कशाला घाबरायचं, कशाला नाही

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: चिनू सात वर्षांची पॉमेरियन, वजन साधारण सव्वातीन किलो, नसबंदी केलेली नाही, पोटाखाली मागच्या सडाजवळ गाठ आलीय आणि ती आता दुप्पट झालीय. कोरेगावच्या डॉक्टरांनी गाठ आणि गर्भपिशवी एकाच वेळी काढू म्हणून सांगितलंय, आणि शेजारच्या काकू म्हणतायत की एवढ्याशा जिवाला भूल सोसत नाही, त्यांच्या भावाचं पॉम टेबलावरच गेलं. म्हणून तुम्ही महिनाभर नुसत्या विचार करत बसलाय.

माझं मत आधी सांगतो, मग कारणं. ऑपरेशन करून घ्या. नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या सडाच्या गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या कॅन्सरच्या निघतात, लहान जातींत प्रमाण त्याहून कमी असतं हे बरंय, पण हात लावून ते ठरवता येत नाही, आणि वाढणारी गाठ आज जेवढ्या छोट्या छेदात निघेल तेवढ्यात सहा महिन्यांनी निघणार नाही. गर्भपिशवी तशीच ठेवली तर या वयात पायोमेट्राची टांगती तलवार आहेच, म्हणजे हीट संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी पिशवीत पू होतो, आणि मग तेच ऑपरेशन रात्री अकरा वाजता, तापलेल्या, उलट्या करणाऱ्या, किडनीवर ताण आलेल्या कुत्रीवर करायची वेळ येते. भुलीची भीती खरी तिथे आहे.

काकू खोटं बोलत नाहीत हं. लहान कुत्र्यांना धोका जास्त असतो हे खरंच आहे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात जवळजवळ ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदी ठेवून मोठा अभ्यास झाला होता, त्यात पाच किलोच्या आतल्या कुत्र्यांना धोका जास्त दिसला. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मी प्रत्येक मालकाला सांगतो: एकूण मृत्यू ०.१७ टक्के, त्यात तब्येतीने ठीक असलेल्या कुत्र्यांत ०.०५ टक्के म्हणजे साधारण १८५० मध्ये एक, आणि आधीपासून आजारी असलेल्यांत १.३३ टक्के म्हणजे ७५ मध्ये एक. फरक बघा केवढा आहे. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे इतक्या नोंदी कुणी ठेवत नाही आणि सोयीही तशा नाहीत, तरी मुद्दा तोच राहतो की चिनूचं वजन तुम्हाला बदलता येणार नाही पण ती टेबलावर कुठल्या गटातून जाते हे बऱ्याच अंशी बदलता येतं. आणि दुसरं, त्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे ऑपरेशन झाल्यानंतरचे होते, त्यातलेही बरेच पहिल्या तीन तासांतले. म्हणजे सगळे टाके घालून झाले, ग्लोव्हज काढले, डॉक्टर चहाला गेले, मालकाला फोन गेला की छान झालं, तेव्हाचे.

म्हणून मी तुम्हाला कुठलं औषध वापरणार हे विचारायच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला सांगेन: भुलीत असताना आणि नंतर जागी होईपर्यंत तिच्याकडे नुसतं बघत बसायला माणूस कोण असणार? जो कापतोय तो बघू शकत नाही, त्याचं लक्ष जखमेत असतं. वेगळा माणूस लागतो, मग तो दुसरा डॉक्टर असो की तयार केलेला असिस्टंट, जो दर पाच मिनिटांनी ठोके, श्वास, हिरड्यांचा रंग, टेम्परेचर कागदावर लिहितो. मॉनिटर असेल तर उत्तमच, पण मॉनिटर आहे आणि बघणारं कोणी नाही याला काही अर्थ नाही. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सचा क्लिप जिभेवरून घसरला की ते आपलं पिं पिं करत राहतं आणि सगळे त्याला शिव्या घालत बसतात.

आता आधीच्या तयारीचं. आपल्या भागात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गोचीड तापाकडे. साताऱ्यात काय, कोरेगावात काय, पावसाळा उघडला की गोचीड कुठल्या घरात नाहीत सांगा, आणि पॉमच्या दाट केसांत तर दिसतही नाहीत. एर्लिकिया, म्हणजे गोचीड तापाचा जंतू, असेल तर कुत्रं वरून ठीक दिसतं, जेवतं, शेपटी हलवतं, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट मात्र खाली गेलेल्या असतात. नॉर्मल दोन लाखाच्या वर हव्यात. चाळीस हजारांवर पोट उघडलं तर जिथे टाका घालाल तिथून झिरपत राहतं, आणि मग लोक म्हणतात भुलीने गेलं. म्हणून रक्त आधी तपासा: सीबीसी प्लेटलेटसकट, काचेवरचा स्मिअर (रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तो), किडनीचं क्रिएटिनिन, लिव्हरचं एएलटी, प्रोटीन, शुगर. मशीन पॉमच्या प्लेटलेट कधी कधी गुठळ्या झाल्यामुळे कमी दाखवतं, म्हणून स्मिअर डोळ्यांनी बघणारा माणूस हवा. गोचीड ताप निघाला तर औषध करा, आकडे वर येऊ द्यात, मग ऑपरेशन. हे दोन-चार आठवडे थांबणं वाया जात नाही, हेच ते ७५ च्या गटातून १८५० च्या गटाकडे नेणं.

रक्ताबरोबर छातीचा एक्स-रे, वेगवेगळ्या बाजूंनी तीन फोटो, कारण गाठ कॅन्सरची असेल तर ती बऱ्याचदा फुफ्फुसात जाते आणि तिकडे गेली असेल तर ऑपरेशनचा सगळा विचारच बदलतो. आणि छातीला स्टेथोस्कोप लावून शांतपणे ऐकणं. लहान जातींत वय झालं की हृदयाच्या डाव्या बाजूची झडप सैल होते, ठोक्याबरोबर फुस्स असा आवाज येतो. मर्मर ऐकू आला म्हणजे ऑपरेशन रद्द असं नाही, पण इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या आणि औषधं, सलाईन दोन्ही त्याप्रमाणे ठरवा. खोकला आहे का तिला? पट्टा ओढला की हंसासारखा घोगरा आवाज करते का? पॉममध्ये श्वासनलिका चपटी होण्याचा त्रास भरपूर, तो आधी सांगा, डॉक्टर विचारतील याची वाट बघू नका.

(एक मधलंच: आपल्याकडे ज्याला सरसकट पॉम म्हणतात ते बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतं, सहा-आठ किलोचं. काकूंच्या भावाचं कुत्रं नेमकं काय होतं, त्याला काय झालं होतं, कुणी बघितलंय?)

वजन. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं पण लहान कुत्र्यात सगळा खेळ इथे आहे. तीस किलोच्या लॅब्राडोरच्या वजनात अर्धा किलो चुकला तर काही बिघडत नाही, सव्वातीन किलोत अर्धा किलो म्हणजे पंधरा टक्के चूक. तुम्ही कडेवर घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभं राहून केलेलं वजन चालणार नाही, बाळांचा काटा वापरतात तो हवा, आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच करायचं. औषधांचं प्रमाण बघा म्हणजे कळेल. झायलाझिन या गुंगीच्या औषधाच्या साध्या बाटलीतलं चिनूला लागणारं औषध ०.१६ मिलीच्या आसपास येतं, मोठ्या सिरिंजमध्ये ते धड मोजताही येत नाही, सुईच्या बुडाशी उरतं तेवढ्यानेही डोस इकडचा तिकडे होतो. म्हणून इन्सुलिनची सिरिंज किंवा औषध पातळ करून घेणं. जागा बधिर करायचं लिग्नोकेन २ टक्के, म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम, चिनूसाठी एक मिली झालं की मर्यादा आली समजा, त्याच्या पुढे फिट येऊ शकते. हे बधिर करणं मला फार आवडतं, जखमेच्या जागी आधीच दिलं की वरची भूल कमी लागते, पण मोजून.

रक्त किती असतं माहितीये? किलोला ८५ मिली धरा, चिनूच्या अंगात सगळं मिळून पावणेतीनशे मिली. त्यातलं वीस टक्के गेलं की बीपी कोसळायला लागतं, आणि वीस टक्के म्हणजे ५५ मिली, टपरीवरच्या कटिंगपेक्षाही कमी. मोठ्या कुत्र्यात एवढं रक्त गॉजने टिपून बाजूला टाकतो, लक्षही देत नाही. लहानात भिजलेले गॉज मोजावे लागतात, वजन करावे लागतात. सलाईनचंही तसंच, उलट्या बाजूने. पाचशेची बाटली म्हणजे तिच्या अंगातल्या रक्ताच्या जवळजवळ दुप्पट. नेहमीचा माणसांचा सेट लावून चाक थोडं सैल राहिलं तर अर्ध्या तासात फुफ्फुसात पाणी. भुलीत तासाला किलोमागे ५ मिली हा सुरुवातीचा अंदाज धरला तर चिनूला तासाला १६ मिली, म्हणजे साध्या सेटवर मिनिटाला पाच-सहा थेंब, जे सांभाळणं अवघड, म्हणून लहान मुलांचा मायक्रोड्रिप सेट घ्यायचा, त्यात मिनिटाला १६ थेंब मोजले की झालं, शंभर मिलीची मोजपट्टी असलेली नळी मध्ये असेल तर आणखी चांगलं. मिरजेला लहान मुलांच्या ऑपरेशनला जे सामान लागतं तेच आम्हाला लागतं, सर्जिकलच्या दुकानात सहज मिळतं, महागही नाही.

उपाशी ठेवण्यावरून फार गोंधळ आहे. माणसांना सांगतात तसं 'रात्री दहानंतर काही देऊ नका' हे लोक कुत्र्यालाही लावतात आणि मग डॉक्टर बारा वाजता हात लावतात, म्हणजे झाले चौदा तास. एवढ्याशा कुत्र्याच्या अंगात साखरेचा साठा कमी, ती खाली जाते, आणि भुलीत साखर खाली गेली तर कळत नाही कारण झोपलेलंच असतं ना ते, नुसतं जागं व्हायला उशीर होतो आणि सगळे औषधाला दोष देतात. धडधाकट मोठ्या कुत्र्याला चार ते सहा तास उपास पुरतो. पिल्लू असेल, दोन किलोच्या आत असेल, तर एक-दोन तासांच्या वर उपाशी ठेवू नये. पाणी घरून निघेपर्यंत चालतं. चिनूचा नंबर सकाळी पहिला लावून घ्या, रात्री उशिरा थोडं जेवण द्या, आणि पहाटे काय द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून, वेळ ठरवून द्या. ग्लुकोमीटर तर आजकाल घरोघरी आजी-आजोबांसाठी असतोच, तोच चालतो, कुत्र्यात तो थोडं कमी दाखवतो एवढं लक्षात ठेवायचं. साखर साठच्या खाली गेली तर सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज.

औषधांबद्दल तुम्ही विचारलंय की गॅसची भूल चांगली का इंजेक्शनची. याला लोक फार धर्म-जातीसारखं धरून बसतात. गॅसची भूल म्हणजे आयसोफ्लुरेन, ते कमी-जास्त करता येतं, बंद केलं की लवकर उतरतं, म्हणून मला सोयीचं वाटतं. पण तालुक्याच्या ठिकाणी सगळीकडे मशीन नाही आणि प्रोपोफॉल हळूहळू, गरजेपुरतं शिरेतून देत, काळजीपूर्वक केलेलं ऑपरेशन मी मशीनवरच्या निष्काळजी ऑपरेशनपेक्षा शंभरदा पसंत करेन. प्रोपोफॉल भसकन दिलं तर श्वास थांबतो, सावकाश द्यायचं. झायलाझिन-केटामिन आपल्याकडे सर्रास वापरतात, हजारो कुत्री त्यावर सुखरूप उठलीत, विष नाही ते. पण झायलाझिनने ठोके पडतात, हृदयाचं काम कमी होतं, उलटी होते, म्हणून हृदयाचा आवाज असलेल्या म्हाताऱ्या लहान कुत्र्यात मी ते टाळतो, ब्युटॉर्फेनॉल आणि मिडाझोलामसारखं सौम्य काहीतरी आधी देतो. उतारा देता येतो का हेही विचारा, झायलाझिनला योहिम्बिन असतं.

गॅस असो की इंजेक्शन, दोन गोष्टींत मी तडजोड करत नाही: शिरेत सुई लावलेली, आणि घशातून श्वासनलिकेत नळी घातलेली. नळी नसली की जीभ मागे पडते, उलटी आली तर फुफ्फुसात जाते, आणि श्वास थांबला तर ऑक्सिजन द्यायला वाट नसते. 'छोटंच ऑपरेशन आहे, नळी कशाला' असं कोणी म्हणालं तर उठून या. पण नळी आहे म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. लहान कुत्र्याचा एक श्वास तीस-चाळीस मिलीचा, आणि हातात श्वास द्यायची बॅग लिटरची, जोरात दाबली तर फुफ्फुस फाटतं. मशीनचा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा गॅस बाहेर सोडणारी झडप, बंद करून उघडायला विसरणं हा जगभरातला जुना, ओळखीचा घातक प्रकार आहे, म्हणून आमच्याकडे व्हॉल्व्ह ज्याने बंद केला त्याने उघडेपर्यंत त्यावरचा हात काढायचा नाही असा नियमच आहे. लाइट गेली तर काय, हेही विचारा, लाजू नका. वळवाच्या दिवसांत ती जातेच. सिलिंडर भरलेला आहे का आणि मॉनिटरला बॅटरी आहे का एवढं कळलं तरी पुरे.

थंडी हा लहान कुत्र्यांचा खरा शत्रू. नॉर्मल टेम्परेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, पोट भादरलं, स्पिरिट फासलं, थंडगार स्टीलच्या टेबलावर ठेवलं की वीस मिनिटांत ते ९७ वर येतं, सव्वातीन किलोच्या अंगाला उष्णता धरून ठेवायला जागाच नाही. अंग गार पडलं की औषध उतरत नाही, रक्त गोठत नाही, ठोके मंदावतात. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याची सकाळ कशी असते तुम्हाला सांगायला नको. आम्ही आधीपासून, गुंगीचं इंजेक्शन दिल्यापासूनच गरम ठेवतो, पायात लहान बाळांचे मोजे, अंगाभोवती पॅकिंगचं बुडबुड्यांचं प्लॅस्टिक, खाली गाद्या, सलाईन कोमट, केस लागतील तेवढेच काढायचे, स्पिरिट कमी आणि कोमट क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) जास्त. पण गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावायची नाही, भुलीतलं कुत्रं भाजलं तरी हलत नाही, आणि ते भाजलेलं दुसऱ्या दिवशी कळतं.

पगवाल्यांनीही हे वाचत असाल तर तुमच्यासाठी एवढंच: हच मोबाईलच्या जाहिरातीनंतर घरोघरी आलेली ही बसक्या नाकाची जात, शिह त्झूही त्यातच, यांना नळी काढायची घाई करायची नाही. चावायला लागेपर्यंत नळी तशीच ठेवायची, छाती खाली टेकवून पालथं ठेवायचं, मान सरळ, जीभ पुढे ओढून. डोळ्यांत मलम घालायचंच, ते उघडे राहतात आणि सुकून बुबुळावर फूल पडतं.

ऑपरेशन झाल्यावर. चिनू टेबलावरून उतरली की ती घरी न्यायला तयार झाली असं नाही. टेम्परेचर ९९ च्या वर, मान स्वतः धरते, पायांवर उभी राहते, हिरड्या गुलाबी, दाबून सोडलं की रंग दोन सेकंदांच्या आत परत येतो, एवढं बघूनच न्या. जागं होताना ती रडेल, केकाटेल, तुम्हाला ओळखणारही नाही कदाचित, ते बहुतेक वेळा भुलीचं असतं आणि थोड्या वेळात जातं. दुखत असेल तर डॉक्टर वेदनाशामक देतील. तुम्ही शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला नेणार असाल, चांगलाच विचार आहे, क्रांतिसिंह नाना पाटील कॉलेजात शिकवणारे सर्जन आहेत, तर येताना घाई करू नका, खंबाटकीचा घाट आहे, अर्धवट गुंगीत गाडीत उलटी झाली की ती घशात जाऊ शकते. कुणीतरी मागे तिला घेऊन बसा, डोकं किंचित खाली उतरतं ठेवून, पिशवीत किंवा बास्केटमध्ये कोंडून नको.

घरी पहिल्या रात्री दूध-भाताचं ताट नको. पूर्ण जागी झाल्यावर चमचा-दोन चमचे, पोटात राहिलं तर तासाभराने परत. जखमेला हळद, तूप, भस्म काही लावायचं नाही. मागच्या वर्षी हळद-तुपाने पिकलेला टाका मी परत उघडून शिवलाय, मालकीणबाईंचा हेतू चांगलाच होता. गळ्यात कोन घालायचा म्हणजे घालायचा, 'बिचारी अडखळते' म्हणून काढलात तर रात्रीत चाटून टाके काढेल. सोफ्यावरून उडी नको.

आणि कृपा करून घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नाही, पॅरासिटामोलही स्वतःच्या मनाने नाही. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांना चालतं हे खरं, आम्हीच लिहून देतो, पण हिशोब बघा: किलोमागे ०.१ मिलिग्रॅम म्हणजे चिनूला दिवसाला ०.३२ मिलिग्रॅम. मेडिकलमधली माणसांची गोळी १५ मिलिग्रॅमची, त्या एका गोळीत चिनूचे दीड महिन्याचे डोस आहेत. अर्धी दिली, पाव दिली, तरी पोटात अल्सर आणि किडनी. तिच्यासाठी थेंबांचं किंवा पातळ औषध मिळतं तेच घ्या, सिरिंजने मोजून.

हिरड्या पांढऱ्या दिसल्या, पोट फुगलं, झोपेत श्वास मिनिटाला चाळीसच्या वर मोजला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच खाल्लं नाही, टाक्यातून थेंब थेंब रक्त थांबेना, तर सकाळची वाट न बघता फोन करा. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर निघतानाच लिहून घ्या, रात्री फोन उचलणार नाहीत असं वाटलं तर तेव्हाच विचारा त्यांना, की मग रात्री कुणाला करायचा.

टाके दहा-बारा दिवसांनी निघतील. राहता राहिली ती गाठ. ऑपरेशननंतर बरेच जण ती डब्यात बघतात आणि टाकून देतात. टाकू नका, फॉर्मेलिनमध्ये घालून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे कॅन्सर आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, पाठवायला सांगा, कापलेल्या कडा साफ आल्यात का तेही लिहून मागा. रिपोर्ट आला की पुढचं बोलू, तीन महिन्यांनी परत छातीचा फोटो काढायचा का नाही ते त्यावरच ठरतं.